दिसतंय तवर बोलतंय

मामा एक डोळा मिटायचे, हात लांब करायचे आणि अंगठा आभाळाला टेकवल्यासारखा धरायचे. दोन कोसांवरची साखर कारखान्याची चिमणी अंगठ्यामागे बरोबर झाकली गेली की समाधानानं म्हणायचे, "दिसतंय तवर बोलतंय."

त्यांचं नाव इथं लिहीत नाही. आम्ही सगळे त्यांना मामाच म्हणायचो. श्रीरामपूरकडच्या एका कारखान्याच्या गट ऑफिसात ते वायरलेस ऑपरेटर होते. कुणाच्या उसाला तोड द्यायची, ट्रॅक्टर कुठं अडकला, सगळं त्यांच्या सेटवरून जायचं. वीस वर्षं माणसं दिवसभर त्यांच्याशी बोलत होती. मग नव्वदीच्या शेवटी कॉम्प्युटर आला, ऑफिसच्या छतावर कारखान्याच्या चिमणीवरच्या डिशकडं तोंड करून जाळीची डिश बसली आणि ऊसनोंदी हवेतून परस्पर कारखान्यात जाऊ लागल्या. सेट कपाटात गेला. मामांच्या टेबलावर उरला डिशला जोडलेला एक डबा आणि त्यावर लुकलुकणारा हिरवा दिवा.

"लई कामाचा हाय," मामा म्हणायचे, "पर मुका हाय."

ती डिश बसवली मी. कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात मी नवा लागलो होतो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे सांगायला मी तेव्हा लाजत नव्हतो, आजही लाजत नाही. मामा मला "पदवीधर" अशीच हाक मारायचे. त्यात थोडी थट्टा असायची, ती मला कळायची नाही.

दोन महिन्यांत लिंक, म्हणजे डिशची कारखान्याशी जोडणी, मंदावली. दहा मिनिटांत जाणारं काम दोन तास घेऊ लागलं. मी वायर बदलली, जोड उघडून पुन्हा टेप गुंडाळली, डिश केसाकेसानं फिरवून पाहिली. मामा आठवडाभर खाली खुर्चीत बसून बघत होते.

"काय पदवीधर, झालं का समदं?"

"सेटिंगचा घोळ आहे मामा."

"असंल. पर आदी डोळ्यानं बघा की."

त्यांनी मला शिडीवर चढवलं, डिशमागं उभं केलं आणि अंगठा धरायला लावला. चिमणी दिसेना. मधे पिंपळ होता, आणि लिंकला समोरची वाट मोकळी लागते. फाल्गुनात त्याची पानं झडलेली असताना मी डिश बसवली होती, आता नवी पालवी गच्च भरून आली होती.

पिंपळ मामांचाच. त्यांच्या मंडळींनी, म्हणजे मामींनी, नागपूरहून दीक्षाभूमीवरून येताना मांडीवर घेऊन आणलेलं रोप. त्या वारल्या. मूलबाळ नव्हतं. ऑफिसमागच्या खोलीत मामा एकटेच राहायचे. तरी ते झाड मला त्यांनीच दाखवलं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. मी वहीत लिहिलं: अडथळा, पिंपळ. उपाय, तोडणे.

मामांनी ते वाचलं.

"खांब उंच न्हाई का करता यायचा?"

"डिश बसवतानाच मागितला होता. साहेब नाही म्हणाले."

त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "आठ दिस द्या. तवर साहेबास्नी सांगू नका."

मी दिले. उपकार केल्यासारखे दिले. ते आठ दिवस मी कारखान्यात बसून सेटिंगं बदलत राहिलो, आणि सहाव्या दिवशी लिंक पळायला लागली! साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली. मी वहीतली ओळ खोडली आणि मामांना फोन लावला.

"बघा, सेटिंगच होतं."

 "बरं झालं, पदवीधर. झाड वाचलं."

तेव्हापासून दर शनिवारी त्यांचा फोन यायचा.

"लिंक कशी हाय?"

"चांगली आहे."

"पळतीय ना?"

"पळतेय मामा."

"जेवला का?"

तुम्हालाही असे फोन येत असतील. मला वाटायचं, म्हातारा एकटा आहे, बोलायला निमित्त शोधतो. कामात असलो की "ठेवतो मामा" म्हणून मधेच ठेवायचो.

दोन वर्षांनी मामा दवाखान्यात गेले ते परत आले नाहीत. त्यानंतर तिसऱ्या महिन्यात लिंक बंद पडली. होती नव्हती ती सेटिंगं करून पाहिली. शेवटी शिडी लावून मी पिंपळावर चढलो.

फांदीफांदीला दोऱ्या होत्या. डिशसमोरच्या फांद्या डावी-उजवीकडं ओढून बांधलेल्या, मधून चिमणीकडं वाट काढलेली. गाठीवर गाठी. फांदी जाड होत गेली तशी दोरी सैल केलेली. आणि प्रत्येक दोरीखाली, सालीला काच बसू नये म्हणून, जुन्या लुगड्याची घडी. साठीला टेकलेला माणूस दर शनिवारी इथं चढत होता, आणि खाली उतरून मला विचारत होता.

दोन दोऱ्या कुजून तुटल्या होत्या. त्या फांद्या परत आडव्या आल्या होत्या.

मी त्या ओढून बांधल्या. लुगडं कुठलं असणार माझ्याकडं? खिशातला रुमाल फाडून दोन्ही गाठींखाली घातला. मग एक डोळा मिटला आणि अंगठा धरला.

"दिसतंय मामा," मी मोठ्यानं म्हणालो.

खाली मामांच्या खोलीला कारखान्याचं कुलूप होतं.