एक वीत, तीन बोटं

बारा टोपल्या टेबलावर मांडलेल्या आणि देशकर साहेब एकेकीला टेप लावत होते. नऊ. साडेदहा. साडेनऊ. दहा. परत नऊ.

"मॅडम, मी दहा इंचाचा ट्रे मागितला होता. हे काय आहे?"

"हे हातचं काम आहे," मी म्हणाले.

"हाताला टेप धरता येत नाही? सॅम्पल रिजेक्ट."

साहेब चंद्रपूरच्या एका विक्री केंद्राचे मॅनेजर. मी धानोऱ्याकडच्या बांबू सोसायटीची सेक्रेटरी. गडचिरोली जिल्हा नवा झाला होता, पण माल अजून चंद्रपूरलाच आणावा लागे. सॅम्पल पास झालं तर गावातल्या चार बायांना उन्हाळ्यापर्यंत घरी बसून काम होतं. नाही तर ठेकेदाराकडे बांबू तोडायला जाणं, महिनोन्‌महिने, लेकरं पाठीशी बांधून. साहेबांनी मला आठ दिवस दिले. त्यानंतर ऑर्डर नागपूरच्या वर्कशॉपला.

मी भडकले. मी चळवळीत पत्रकं लिहीतच वाढले आहे, त्यामुळे एसटीत बसल्या बसल्या एक पत्रक तयार झालं. मथळा: 'मोजपट्टीची हुकूमशाही'. आदिवासी कलेला इंचात मोजणारे हे कोण? सेंटरवाल्यांना परंपरा हवी, पण फुटपट्टीवर बसणारी. वगैरे.

गावात पोचल्यावर मी ते सुकरीबाईच्या अंगणात वाचून दाखवलं. सुकरीबाई चौघींत वयानं मोठी. तिची सून बुधाबाई, शेजारच्या मैना आणि राजो. चौघींनी नीट ऐकून घेतलं.

"मस्त लिवलं," सुकरीबाई म्हणाली. "पण हे वाचून टोपली सारखी होते का?"

"टोपली सारखी कशाला व्हायला पाहिजे?"

"तुनंच तं सांगितलं होतं पोरी, सायबाले सारखी पायजे म्हणून. एक वीत तीन बोटं. तेवढीच केली आमी."

खरंच होतं. दहा इंच म्हणजे एक वीत तीन बोटं, हे मी सांगितलं होतं. माझ्या हातावर मोजून. टेप विकत आणायचं सोडून मी 'पारंपरिक माप' सांगितलं आणि स्वतःवर खूश झाले. वीत म्हणजे ताणलेल्या पंजाचं अंतर. ती ज्याची त्याची असते. राजोचा पंजा लहान, सुकरीबाईचा फावड्याएवढा. चौघींनी आपापल्या हातानं मोजलं. प्रत्येकीच्या तीनही टोपल्या अगदी एकसारख्या होत्या. चूक त्यांच्या हाताची नव्हतीच.

"मग आता?" मी विचारलं.

"आता अंगण मोकळं करू दे. धान वाळू घालाचे हायेत."

सुकरीबाईनं आपली टोपली ठेवली. तिच्यात मैनाची, मैनाच्या आत सुनेची, सर्वांत आत राजोची. असं तीनदा. बारा टोपल्यांचे तीन गठ्ठे झाले.

"हे काय केलं?"

"काऊन? बाजारात अशाच तं नेतो. मोठ्या हाताची बाहेर, लहान हाताची आत. एका डोक्यावर सगळ्या घरचा माल जाते. नाईतर चौघींनी चार डोस्के घेऊन जाव का?"

सातव्या दिवशी सुकरीबाईला घेऊन मी चंद्रपूरला हजर. साहेबांच्या टेबलावर तिनं एकच टोपली ठेवली.

"अकरा कुठे गेल्या?"

"तीन याच्यातच हायेत. बाकीच्या पोत्यात. काढून पाहा."

साहेब आतली टोपली ओढू लागले. निघेना. बोट घालायला जागाच नव्हती. उलटी करून आपटली, तशी चारही टेबलावर पसरल्या. त्यांनी त्या परत एकीत एक बसवून पाहिल्या.

"सेट आहे हा," ते म्हणाले. "पण आतली काढायची कशी?"

सुकरीबाईनं कमरेच्या पिशवीतून कमच्या काढल्या. कमची म्हणजे बांबू चिरून काढलेली पातळ पट्टी. तिथेच जमिनीवर बसून तिनं राजोच्या टोपलीच्या काठाला समोरासमोर दोन कड्या विणल्या. मग दोन्ही हातांच्या एकेका बोटानं टोपली उचलून दाखवली.

"तुमच्या परंपरेत अशी कडी असते का?" साहेबांना शंका.

"माह्या आजीले सायबासाठी टोपली नाई विणा लागली."

साहेब हसले. सेटची ऑर्डर त्याच दिवशी टाइप झाली.

पुढच्या खेपेला मी दुकानात गेले तर प्रत्येक सेटवर लेबल: 'डिझाइन: विक्री केंद्र'. मी तिथेच आवाज चढवला. गिऱ्हाईकं वळून पाहू लागली.

"अहो, हळू बोला," देशकर साहेब म्हणाले. "चार नावं एका लेबलवर मावायची कशी?"

"एका लेबलवर कशाला? जिची टोपली, तिचं नाव. चार लेबलं लावा."

त्यांनी कुरकुरत लावली. आता दुकानात साइझ कोणी इंचात सांगत नाही. मागल्या महिन्यात एक बाई माझ्यासमोर काउंटरवर विचारत होत्या, "राजो तुटली हो माझी, एकटी मिळेल का?"

मिळाली. राजोला सांगितलं तर ती दिवसभर हसत होती.

पत्रक मी छापलं नाही. मुद्दे चुकीचे नव्हते, पण हुकूमशाहीतला एक पंजा माझाच होता. साहेबांवर ओरडायचं असेल तर जरूर ओरडावं. त्याआधी टेप मात्र विकत घ्यावा.