जर्मनचे तीन ढीग

धातूचा कुठलाही तुकडा हातात आला की तो नखानं टिचकी मारायचा, कानाशी धरायचा आणि विचारायचा, "हे कोन्या कामाले पाह्यजे?" काम सांगितल्याशिवाय तो साधा चमचाही करून देत नसे. तुमच्याही पाहण्यात असा एखादा कारागीर असेल, आपण वस्तू मागायला जावं आणि त्यानं आपलीच उलटतपासणी घ्यावी.

चांद्याजवळच्या एका आरामशीनवर, म्हणजे लाकूड कापायच्या कारखान्यात, तो मिस्त्री होता आणि मी कारकून. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. तो चांद्याच्या जुन्या वस्तीतला मुसलमान, पन्नाशीचा, कमी बोलणारा. धातूवर बोलायला लागला की मात्र थांबायचा नाही.

ॲल्युमिनियमला आमच्याकडे सगळे जर्मन म्हणतात. लोकांना एकच जर्मन ठाऊक, पातेल्याचं. याच्या शेडमागे त्याचे तीन ढीग असत. एक मऊ, डब्या-पातेल्यांचा. दुसरा लढाईनंतर मोडीत निघालेल्या विमानांच्या पत्र्याचा. तिसरा मोटारींच्या इंजिनांचा, हे वितळवून साच्यात ओतायला चांगलं. प्रत्येक तुकड्यावर तो कॉस्टिकच्या पाण्याचा थेंब टाकी आणि थेंबाखालचा रंग पाहून तुकडा कुठल्या ढिगात जायचा ते ठरवी. जस्ताचे तुकडे दिसायला तसेच, पण हाताला जड. ते एका फुटक्या बादलीत वेगळे.

"हा मिसळला का सारंच नासते, बाबूजी. थंडं झाल्यावर चांगलं दिसते, अन् जोर पडला का फुटते."

मी म्हणायचो, "मिस्त्री, एवढी निवड तर लोक पोरीसाठी नवरा पाहतानाही करत नाहीत."

"करत नाईत, म्हणून तं पोरी रडतात."

मी जेवणाचा डबा मागितला तेव्हा त्यानं विचारलं, "आंबट नेता का?" ताक नेतो म्हटल्यावर विमानाचा चकचकीत पत्रा बाजूला ठेवला आणि मऊ ढिगातला निवडला. तो डबा मी पुढं कितीतरी वर्षं वापरला.

एकदा मालकांकडे नागपूरचे पाहुणे लाकूड पाहायला येणार होते. मिस्त्री दोन दिवस सुट्टीवर होता. मला नीटनेटकेपणाची भारी हौस. मी मजूर लावून शेडमागची जागा झाडून घेतली आणि तिन्ही ढीग, बादलीतल्या जस्तासकट, एकत्र करून मोठा चौकोनी ढीग रचला. रचून झाल्यावर चार पावलं मागं जाऊन पाहिलाही.

मिस्त्री आला. "इथी तीन ढीग होते."

"मी एक केला. जागा किती मोकळी झाली बघा."

तो कॉस्टिकची बाटली घेऊन खाली बसला आणि पहिल्या तुकड्यापासून सुरुवात केली.

दुसऱ्याच दिवशी करवत फिरवणाऱ्या इंजिनाची पुली तडकली. नवी यायला पंधरा दिवस लागणार होते. मालक म्हणाले, "ओता घरीच. उद्या मशीन चालू पाहिजे."

"दोन दिवस द्या, शेठ. माल निवडून व्हायचा आहे."

"जर्मन ते जर्मन. त्यात काय निवडायचं?"

माल का निवडायचा राहिला हे त्यानं सांगितलं नाही. मी वही घेऊन शेजारी उभा होतो, मीही सांगितलं नाही. दिवे लागेपर्यंत त्यानं जमेल तेवढं निवडलं आणि पुली ओतली. दिसायला ती सुरेख झाली होती.

चौथ्या दिवशी दुपारी ती फुटली. एक तुकडा सोमाच्या गुडघ्यावर बसला. सोमा हा एटापल्लीकडचा गोंड गडी, करवतीवर ओंडके चढवायचा. दवाखान्यात त्याचा पाय कापावा लागला. मी पुलीचा तुकडा उचलून पाहिला. तुटलेली कड जाड साखरेसारखी दाणेदार होती.

मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "माल कोणी निवडला?"

"म्या."

ढीग मी मिसळले, एवढंच वाक्य होतं. माझ्या तोंडून ब्र निघाला नाही. खरं सांगतो, मला तेव्हा काही वाटतच नव्हतं. ना भीती, ना लाज. घरी जाऊन मी पोटभर जेवलो. मिस्त्रीला काढून टाकलं. पुढं त्याचा विषय निघाला आणि कोणी त्याला बेफिकीर म्हणालं की मीही मान हलवायचो.

दोन-तीन वर्षांनी नागभीडच्या स्टेशनवर तो बाकावर बसलेला दिसला. दाढी पांढरी झाली होती. मी शेजारी बसलो. त्यानं आधी सोमाचं विचारलं.

"काठी घेऊन चालतो. मालकांनी चौकीदार केलंय त्याला."

"बरं झालं."

मग मी म्हणालो, "मिस्त्री, ते ढीग मी मिसळले होते."

"मले माहीत नाई का?" आवाजात राग नव्हता. "शेठनं त्याच दिवशी जा म्हटलं होतं. मी आठ दिवस गेलो नाई. तिथंच फाटकाबाहेर बसत होतो. म्हटलं, बाबूजी आज बोलतीन, उद्या बोलतीन."

त्या आठ दिवसांत मी रोज त्याच फाटकातून आत गेलो होतो.

"आता काय करता?" मी विचारलं.

"सरपणाच्या टालावर लाकडं फोडतो. धातूचं काम कोनी देत नाई."

त्याची गाडी आली. गाठोडं घ्यायला मी हात पुढं केला, पण ते त्यानं आधीच उचललं होतं. गाडी गेल्यावर मी बाकावर बसून राहिलो. आता रडू येईल म्हणून बराच वेळ वाट पाहिली. आलं नाही.