काल्पनिक बाई

"वाच," साहेब म्हणाले. "मोठ्यानं वाच. तूच लिहिलंयस ना?"

हातात तीन कागद होते. माझ्या ब्लॉगवरचा माझाच लेख. त्यांनी छापून घेतला होता आणि लाल पेनानं जागोजागी गोल केले होते. समोर साहेब, आमच्या जिनिंग कंपनीचे एमडी. बाजूला मॅनेजर आणि कंपनीचा वकील. तिघं बसलेले. मी उभी. एक खुर्ची रिकामी होती.

मी वाचायला लागले. दुसऱ्याच ओळीला त्यांनी थांबवलं.

"पानी नाही. पाणी. म्हण."

"पाणी."

"परत."

"पाणी."

मॅनेजर हसला. साहेब हसले नाहीत. "पूर्ण नाव काय तुझं?" मी सांगितलं. आडनाव ऐकल्यावर त्यांनी वकिलाकडं पाहिलं आणि म्हणाले, "तरीच."

एवढंच. हा शब्द मला शाळेपासून ओळखीचा आहे. पहिला नंबर आला तरी तरीच, फी माफ झाली तरी तरीच. त्याच्यापुढं कुणी काही बोलत नाही. बोलायची गरज नसते.

तिन्ही पानं वाचून घेतली त्यांनी. प्रत्येक लाल गोलापाशी थांबवून. रडू आलं नाही. रागही आला नाही. एसीमुळं तळपाय गार पडले होते, तेवढं आठवतं.

मग वकील म्हणाला, "काढून टाका तो लेख. आत्ता. आमच्यासमोर." मी मोबाईल काढला. अंगठ्यानं लेख काढून टाकला. अर्ध्या मिनिटाचं काम.

तो लेख काय होता ते सांगते.

मी मूळची पालमची. परभणीत खोली करून राहायचे आणि गावाबाहेरच्या या जिनिंगमध्ये कॉम्प्युटर ऑपरेटर होते. ब्लॉग कॉलेजात असल्यापासून लिहायचे. आमच्या वस्तीबद्दल, विहारातल्या वाचनालयाबद्दल, न येणाऱ्या बसबद्दल. वाचणारे मोजके, बहुतेक ओळखीचेच.

जिनिंगमध्ये बाया कापसातला कचरा निवडायच्या. दिवसभर धुरळ्यात. त्यांच्यासाठी एक संडास होता. त्याला कुलूप असायचं. किल्ली माझ्या टेबलामागं खिळ्याला. बाईनं यायचं, मी वहीत नाव लिहायचं, मग किल्ली द्यायची. सकाळी एकदा, दुपारी एकदा. बाया काम चुकवायला तिकडं जाऊन बसतात, असं साहेबांचं म्हणणं. नियम त्यांचा. अंमल माझा. बाया दिवसभर पाणी पीत नाहीत हे मला दिसत होतं. मला ऑफिसातलं बाथरूम होतं. सात महिने मी ती वही भरली.

सरूबाई पन्नाशीच्या. पालमकडच्याच. त्यांना शुगर होती. एका दिवशी त्या तिसऱ्यांदा आल्या.

"बाई, दे की किल्ली. मला दम निघंना."

मॅनेजर तिथंच उभा होता, फोनवर बोलत. मी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं बोलता बोलता नुसतं बोट हलवलं. नाही.

"मावशी, थोडं थांबा," मी म्हणाले.

त्या थांबल्या. टेबलाला धरून थांबल्या. मग त्यांच्या पायाखालची फरशी ओली झाली. त्या खाली बसल्या आणि आपल्या पदरानं फरशी पुसायला लागल्या. पाठीमागं हात केला असता तर किल्ली हाताला लागली असती. मी केला नाही. स्क्रीनकडं बघत राहिले.

आठवड्यानं महिला दिन आला. परभणीत कार्यक्रम झाला, साहेबांचा सत्कार झाला. स्टेजवरून ते म्हणाले, "आमच्या कंपनीतली प्रत्येक महिला ही माझी बहीण आहे." तो व्हिडिओ कंपनीच्या पेजवर टाकायचं काम माझ्याकडं आलं. मी टाकला. खाली लोकांनी हात जोडलेली चित्रं टाकली. खोलीवर आले आणि बसून लिहिलं. साहेबांचं नाव आणि पद घालून लिहिलं. किल्ली माझ्याकडं होती, हेही लिहिलं. सरूबाईंचं नाव घातलं नाही. 'एक बाई' असं लिहिलं.

तो लेख फिरला. कुणी फिरवला ते माहीत नाही. पंधरा दिवसांनी पालमच्या घरी नोटीस आली. माझा लेख मराठीत, नोटीस इंग्रजीत. बदनामी, नुकसानभरपाई, फौजदारी. माय फोनवर म्हणाली, "पुसून टाक बाई ते. आपल्याला कोरट झेपायचं न्हाई." दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावणं आलं. ते 'पाणी' तेव्हाचं.

लेख काढल्यावर वकिलानं एक कागद पुढं सरकवला. माफीनामा. ब्लॉगवर टाकायचा, आणि सोमवारी आवारात सगळ्या बायांसमोर वाचायचा. मग केस करणार नाहीत. मी हो म्हणाले. कुणी काहीही पुढं केलं असतं तरी मी हो म्हणाले असते.

गेटबाहेर सरूबाई ऑटोची वाट बघत उभ्या होत्या.

"तू मह्यावर लिवलं म्हनं."

"तुमचं नाव नाही घातलं, मावशी."

"कामून?"

"तुमची बदनामी नको म्हणून."

त्या माझ्या हातातल्या कागदाकडं बोट करून म्हणाल्या, "आन् ह्याच्यात काय हाय?"

मी वाचून दाखवलं. 'सदर लेखातील महिला व प्रसंग पूर्णतः काल्पनिक असून...'

"काल्पनिक म्हंजे?"

"म्हणजे अशी बाई नाहीच. मी मनानं रचली."

"मंग फरशी कोनी पुसली?"

त्यांनी रागानं विचारलं नाही. खरंच विचारलं. ऑटो आला, त्या बसून गेल्या.

मी तिथंच उभी राहिले. तोवर मला वाटत होतं, माफी माझी आहे, अपमान माझा आहे, गिळला की संपलं. तसं नव्हतं. त्यांना माझ्या हातानं सरूबाई पुसून हव्या होत्या. आधी किल्ली माझ्या हातानं अडवली, आता बाईच नव्हती असं माझ्याच तोंडून वदवायचं. आणि मी हो म्हणाले होते.

सोमवारी आवारात सगळ्या बाया जमवल्या. साहेब खुर्चीवर. मॅनेजरनं माईक दिला. मी वाचायला लागले. नाव, पत्ता, 'माझ्या अल्पबुद्धीमुळे' वगैरे. त्या शब्दापाशी आले आणि थांबले.

"ही बाई काल्पनिक नाही," मी म्हणाले. "हे मी वाचणार नाही."

मॅनेजरनं माईक बंद केला. मागच्या बायांना ऐकूही गेलं नसेल. साहेब म्हणाले, "विचार कर. जन्मभर कोर्टाच्या पायऱ्या चढशील."

"चढीन."

टाळ्या वगैरे काही झालं नाही. बाया कामाला लागल्या. मशीन सुरू झालं. मी डबा उचलला आणि निघाले.

नोकरी गेली. केस झाली. सरूबाईंनाही दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितलं. त्या आता खुरपायला जातात. मी त्यांच्या घरी गेले, झालं त्याला मीही कारण आहे म्हणाले. त्या म्हणाल्या, "हायेसच की तू." मग चहा ठेवला.

लेख मी परत टाकला. या वेळी नावानिशी. "गावाचं बी नाव घाल," त्या म्हणाल्या. घातलं. किल्ली अजून तिथंच आहे, टेबलावर दुसरी मुलगी आहे. तेही लिहिलं. दुसरी नोटीस आली.

मागच्या तारखेला कंपनीच्या वकिलानं कोर्टाबाहेर गाठलं. "एक ओळ लिहा, मॅडम. खेद व्यक्त करते, एवढंच. साहेब केस मागं घेतील."

आता मी मॅडम.

मी म्हणाले, "खेद आहे. सात महिन्यांचा आहे. तो ज्यांना सांगायचा त्यांना सांगून झालाय. साहेबांना सांगायला माझ्याकडं काही नाही."

पुढच्या तारखेलाही मी जाणार आहे. सरूबाईंना साक्षीला बोलावलं की त्या येणार आहेत. तारखा पडतील तेवढ्या पडू द्या. शिक्षा झाली तर होऊ द्या. लेख निघणार नाही.