मायनं निवडलेली पथरी

आमचं गाव उमरग्यापासून पायी तासाभराच्या अंतरावर. वडील तिथं हजामतीचं काम करत, आणि चार गावांत त्यांच्या हाताचं नाव होतं. हात त्यांचाच होता, पण वस्तऱ्याची धार मायची होती. घराबाहेर हे कुणाला ठाऊक नव्हतं. दुपारी वडील हत्यारांची धोकटी तिच्यापुढं ठेवून आडवे व्हायचे आणि माय दार लोटून पथरीवर वस्तरा घासत बसायची. बाईनं वस्तऱ्याला हात लावलेला गावाला खपला नसता.

घरात दोन पथऱ्या होत्या. एक खरबरीत, ती धार काढायची. दुसरी बारीक, शेवटचा हात फिरवायची. माय म्हणायची, “पहिली पथरी धार काढती, दुसरी ती गोड करती.”

वडील गेले तेव्हा माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. धोकटी माझ्याकडं आली. त्याच साली ती बारीक पथरी मधोमध तडकली. आजोबांच्या काळापासून झिजून झिजून ती पापडासारखी झाली होती. जर्मनीची लढाई चालू होती, विलायती माल येत नव्हता. मी मायला न विचारता हैद्राबादकडच्या एका फेरीवाल्याकडून काळीभोर, चकचकीत पथरी घेतली आणि धारही माझी मीच लावू लागलो.  गिऱ्हाइकं मात्र माझ्या हाताखाली मान आखडून बसू लागली. एक म्हातारा म्हणाला, “लेका, तुझ्या बापापुढं बसलं की डुलकी लागायची. तुझ्यापुढं डोळ्यांत पानी येतंय.”

अशातच उमरग्याच्या एका आप्पांचा निरोप आला. आप्पा म्हणजे तिथले भुसार मालाचे व्यापारी. गळ्यात लिंग, घरात कानडी, दुकानात मराठी. वडिलांचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या मानेवर काळपुळी झाली होती. डॉक्टर ती दोन दिवसांनी फोडणार होते, पण त्याआधी मानेवरचे केस साफ उतरवायला हवे होते. दवाखान्यातल्या माणसानं वस्तरा टेकवला आणि आप्पा ओरडून उठले. नुसती सदऱ्याची कड लागली तरी त्यांच्या डोळ्यांपुढं अंधारी यायची. “तुझ्या बापाचा वस्तरा घेऊन ये,” एवढाच निरोप होता.

मी वस्तरा मायपुढं ठेवला. तिनं स्वतःचा एक केस उपटून पात्यावर धरला. केस तुटला, पण तुटण्याआधी वाकला.

“ही धार न्हाय, करवत हाय,” ती म्हणाली. “उद्या बाजार हाय. म्या येते.”

बाजारात कर्नाटकातून आलेला एक दगडवाला पोत्यावर पथऱ्या मांडून बसला होता. वीस-पंचवीस तरी असतील. माय त्याच्यापुढं बसली आणि तिनं लोटाभर पाणी मागितलं. प्रत्येक पथरीवर तिनं चार थेंब टाकले आणि बघत राहिली. ज्या पथऱ्यांनी पाणी पिलं त्या तिनं बाजूला सारल्या. ज्यांच्यावर पाणी तसंच उभं राहिलं, त्यांच्यावरून तिनं अंगठ्याचं नख फिरवलं. हळू, या कडेपासून त्या कडेपर्यंत. ऊन चढलं. दगडवाला हसून म्हणाला, “अक्का, सून बघायला आलात का दगड घ्यायला?”

“सून चुकली तर नांदवून घेता येती,” माय म्हणाली. “ह्यो चुकला तर मानंतून रगत काढंल.”

शेवटी दोन पथऱ्या उरल्या. करड्या, जुळ्या बहिणींसारख्या, एकाच दगडातून कापलेल्या. मला दोन्हींत काडीचा फरक दिसेना. मायनं एकीवरून तीनदा नख फिरवलं, तिसऱ्यांदा डोळे मिटून. मग ओल्या बोटानं तिच्यावर एक वाटोळी खूण केली. “हितं खडा हाय.”

दगडवाल्यानं पथरी उन्हात धरली, पुसली, जिभेनं चाटलीसुद्धा. “काही नाही, अक्का. लोणी आहे लोणी.”

मायनं कमरेच्या चंचीतून सुई काढून त्याच्या हातात दिली. त्यानं सुईचं टोक पथरीवर टेकवून ओढलं. सुई सरळ गेली, गेली, आणि मायनं खूण केलेल्या जागी टचकन उडाली. त्यानं पुन्हा ओढली. पुन्हा तिथंच उडाली.  इतकी वर्षं मी या बाईच्या हातची भाकरी खात होतो आणि हा हात मला माहीत नव्हता.

“अय्यो शिवा,” दगडवाला पुटपुटला. दुसरी पथरी त्यानं स्वतःच फडक्यात गुंडाळून तिच्यापुढं दोन्ही हातांनी धरली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माय दार लोटून बसली. त्या दिवशी पहिल्यांदा मी तिच्याजवळ बसून राहिलो. वस्तरा पथरीवर आधी खसखस वाजत होता. तासाभरात तो आवाज बारीक झाला, मग एवढा मऊ झाला की मला तिचा श्वास ऐकू यायला लागला. तिनं वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर फिरवला आणि पुन्हा एक केस पात्यावर सोडला. त्याचे दोन तुकडे झाले. कधी झाले ते मला दिसलं नाही.

“दाबू नगंस,” ती म्हणाली. “वस्तऱ्याचं वजन पुरं.”

त्याच दुपारी मी दवाखान्यात गेलो तेव्हा आप्पा पालथे झोपले होते. दोन्ही मुठींत सतरंजी धरली होती, तोंडानं शिवाचं नाव चालू होतं. काळपुळी लालजर्द फुगलेली, भोवतीची कातडी तकतकीत ताणलेली. मी कोमट पाण्यानं केस भिजवले आणि वस्तरा नुसता ठेवला. पुढं तोच चालत गेला. केस पाण्यावरच्या पाचोळ्यासारखे बाजूला होत होते. अर्धी मान झाली तेव्हा आप्पांच्या मुठी सुटल्याचं मला दिसलं. जप थांबला होता. मी घाबरून वाकून बघितलं, तर ते शांत श्वास घेत होते.

उरलेली मान उतरवून मी वस्तरा पुसत होतो. “झालं का?” त्यांनी विचारलं.

“झालंच, आप्पा.”

“कधी?”

रक्ताचा एक थेंब आला नव्हता. डॉक्टरांनी मानेवर बोट न लावता नुसती नजर फिरवली आणि विचारलं, “वस्तरा कुठला? जर्मन?” मी म्हणालो, “वस्तरा जुनाच हाय. धार आमच्या मायची हाय.” दवाखान्यात चार माणसं उभी होती. मी ते सगळ्यांसमोर बोललो. पुढं ते गावभर झालं, दोन-चार जणांनी नाकं मुरडली, पण वस्तरा कुणी टाळला नाही.

डॉक्टरांनी काळपुळी फोडली, आप्पा महिन्याभरात दुकानावर बसू लागले.

त्यानंतर मी मायच्या मागं लागलो, मला शिकव म्हणून. पुढच्या बाजारात दगडवाल्यापुढं बसवून तिनं माझं नख पथऱ्यांवरून फिरवलं. मला कधी खडा लागला नाही. सगळेच दगड मला गुळगुळीत. आमच्याबरोबर आलेली माझी बायको मागं उभी राहून बघत होती. तिनं सहज वाकून एका पथरीवरून नख फिरवलं आणि म्हणाली, “आत्याबाई, हितं कायतरी टोचतंय.”

मायनं त्याच जागी नख फिरवलं. मग ती सरकली आणि सुनेला आपल्या शेजारी बसायला जागा करून दिली.