नाल्याकाठचा चमकता ओंडका

माझे बाबा निवृत्त वनरक्षक. धानोऱ्याजवळच्या नाल्याकाठी पडलेला एक कुजका ओंडका श्रावणातल्या अंधारात हिरवट चमकायचा, आणि वनखात्याने तो आपल्याला पेन्शनसोबतच दिलाय, अशा थाटात बाबा तो पाहुण्यांना दाखवायचे.

माझा नवरा भौतिकशास्त्राचा प्राध्यापक. त्याला उजेड नुसता पाहता येत नाही. काजवा आणि ओंडक्यावरची बुरशी आपला प्रकाश रसायनांतून स्वतः तयार करतात. अंधारात चमकणारे घड्याळाचे काटे आधी उजेड पिऊन घेतात, मग सावकाश सोडतात. बैलाच्या शिंगांवरची रेडियमची पट्टी मात्र फक्त गाडीचा उजेड परत फेकते, तिचं स्वतःचं काही नाही. लग्नानंतर हे इतक्यांदा ऐकलंय की मी झोपेतही सांगेन.

यंदा घरात एकच विषय होता, बाबांचे डोळे. मोतीबिंदू पिकलाय, आता उशीर केला तर नजर जाईल, असं गडचिरोलीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. बाबांचं म्हणणं, "मले सारं दिसते. तुमालेच काई काम नाई."

श्रावणातल्या एका सकाळी आई आणि मी सात्या, म्हणजे पावसाळ्यातली अळिंबी, शोधायला नाल्यावर गेलो. पाहतो तर ओंडकाच नाही. रात्रीच्या पुरात वाहून गेलेला. मी हळहळले. आई मात्र खूश झाली.

"बापाले सांगू नको," ती म्हणाली. "पाहू दे त्याहिले सोताच, मंग समजन किती दिसते त."

संध्याकाळी अंधारून येताच बाबा आम्हा तिघांना घेऊन निघाले. नाल्याकाठी थांबून त्यांनी काठी रोखली. "पाहा जवाईबापू, कसा चमकून राह्यला!"

ओंडका गेल्याचं ठाऊक नसलेल्या नवऱ्याने डोळे ताणले. समोर नुसता काळोख. पण सासऱ्यांना खोटं कसं पाडायचं? "वा बाबा, फारच सुंदर!" तो म्हणाला. त्याचं आयुष्यातलं पहिलं अशास्त्रीय विधान, तेही नेमकं तेव्हाच!

"आयकलं?" बाबा आमच्याकडे वळले. "मंग आपरेशन कायले पाहिजे?"

आता सांग, म्हणून आईने मला कोपराने ढोसलं. मला नवऱ्याचा राग आला.

"बाबा, ओंडका रातीच वाहून गेला. तिथं काईच नाई."

बाबांनी रोखलेली काठी खाली घेतली.

"मंग मले काय दिसून राह्यलं, बाई?"

प्रत्येक उजेडाचं कारण सांगणारा माझा नवरा चष्मा पुसू लागला.

"उद्या डॉक्टरले विचारू," मी म्हणाले.

"इचारू," बाबा म्हणाले, आणि काठी आईकडे देऊन त्यांनी माझा हात धरला.