शंभर किलोमीटरचा नियम

आम्ही तिघे मित्र कॉलेजात असल्यापासून एकत्र फिरतो, आणि गाडी आल्यापासून आमचा एकच नियम आहे. शंभर किलोमीटर झाले की चालक बदलायचा. गाडी थांबवायची, ट्रिप मीटर शून्यावर आणायचा, चालवणाऱ्याने मागे जायचं, मागच्याने पुढे बाजूला यायचं आणि बाजूच्याने स्टेअरिंग घ्यायचं. बाजूला बसेल त्याने झोपायचं नाही आणि चालकाला शेव भरवत राहायचं. हा नियम केला आमच्या इंजिनियर मित्राने, कारण गाडी माझी असल्यामुळे मी स्टेअरिंग सोडत नसे. तिसरा मित्र वकील आहे. नियमात पळवाट शोधायचा त्याने खूप प्रयत्न केला, त्याला सापडली नाही.

मागच्या हिवाळ्यात आम्ही सांची, भीमबेटका आणि भोजपूर असा दोन दिवसांचा बेत केला. अडचण एकच होती. इंजिनियरने वर्षभर गाडीला हात लावलेला नव्हता. वर्षापूर्वी बायपासवर पुढच्या ट्रकने एकदम ब्रेक लावला आणि त्याची गाडी ट्रकवर मागून आदळली. त्याला स्वतःला काही झालं नाही, बाजूला बसलेल्या वहिनींचं गळ्याजवळचं हाड मोडलं. ते जुळलं, गाडीही दुरुस्त होऊन आली, पण हा तिच्यावर कव्हर घालून बसला. पीथमपूरच्या कारखान्यात तो कंपनीच्या बसने जाऊ लागला. आता ती बस बंद होणार होती. एक तर स्वतः गाडी चालवत जायचं, नाहीतर बावन्नाव्या वर्षी नोकरी सोडायची. राजीनाम्याची भाषा त्याने घरात दोनदा काढली होती.

निघताना इंदूरच्या स्नेहलतागंजात त्याच्या फाटकापाशी वहिनी माझ्या खिडकीशी आल्या. हळूच म्हणाल्या, "भावजी, ह्यांना आग्रह करू नका. पण स्वतःहून गाडी मागितली, तर नाही म्हणू नका."

मी आग्रह करणार नव्हतोच. उलट मी घरूनच हिशोब मांडून निघालो होतो. पहिले शंभर माझे, दुसरे वकिलाचे. इंदूर ते भोपाळ एकशे नव्वद, म्हणजे दोनशेचा आकडा पडणार ऐन भोपाळच्या गर्दीत, जिथे गाडी थांबवून जागा बदलायची सोयच नाही. पुढे सांचीला पोहोचल्यावर चावी मी घ्यायची. म्हणजे त्याची पाळी येईल आणि कुणी काही न बोलता निघून जाईल.

तसंच झालं. भोपाळात डावीकडून मिनीबस, उजवीकडून स्कूटर, मधे हातगाडीवर पेरू. बाजूला बसलेला इंजिनियर मीटरकडे बघून म्हणाला, "तुझे शंभर झाले."

"इथे कुठे थांबतो भिया," वकील म्हणाला. "मागून लोक आरती ओवाळतील माझी. चल, आगे देखेंगे."

इंजिनियरने मीटरवरून नजर काढली. वकिलाने पुढे शेवेसाठी तोंड उघडलं तेव्हा त्याने शेव दिली, एवढंच.

सांचीचा मोठा स्तूप मी पूर्वी फोटोत पाहिला होता. फोटोत त्याचा आकार कळत नाही. व्यास छत्तीस मीटरच्या वर आणि उंची सोळाच्या वर, हे वाचूनही कळत नाही. भोवती चालायला लागल्यावर कळतं, कारण वळण संपतच नाही. पण इंजिनियर पाहत होता तो दगडी कठडा. उभ्या खांबांना खाचा आणि त्यांत आडवे दगड बसवलेले.

"हे सुताराचं काम आहे," तो बोटाने सांधा दाखवत म्हणाला. "लाकडात जशी खाच पाडतात तशी दगडात पाडली आहे. हात लाकडावर बसलेले, तेच दगडावर चालवले. आणि बघ, अजून हललं नाहीये." मग सांध्यावरून नजर न काढता त्याने विचारलं, "तू घरून हिशोब करून निघाला होतास ना?"

"कशाचा?"

"दोनशे भोपाळात पडतील याचा."

मी हो म्हणालो. त्याच्याशी खोटं बोलून उपयोग नसतो, तोही आकड्यांतलाच माणूस.

"मला चालवायची नव्हतीच," तो म्हणाला. "पण तुम्ही विचारायचं, मी नाही म्हणायचं, असं व्हायला पाहिजे होतं. मला नियमातूनच काढून टाकलंत."

त्याचं बरोबर होतं. मुक्कामाला परत भोपाळात येताना मी चालवली, आणि निघण्याआधी त्याला स्पष्ट विचारलं, "चालवतोस?" तो म्हणाला, "नाही." त्यानंतर तो शेवही नीट भरवू लागला आणि वकिलाच्या विनोदांना नावंही ठेवू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भीमबेटका. साग आणि पळसाच्या रानात प्रचंड खडक, त्यांच्या पोटाखाली पांढऱ्या आणि गेरूच्या रंगातली जनावरं, शिकारी, नाचणारी माणसं. एका चित्रावर दुसरं काढलेलं, खालचं न पुसता. हजारो वर्षं लोक त्याच भिंतीपाशी येऊन काढत राहिले. घरी रंगकाम काढलं तर दुसऱ्या पावसाळ्यात पोपडे येतात, हे मला तिथे आठवलं.

तिथून भोजपूर. देऊळ अपुरं राहिलेलं, पण आतली पिंड एवढी की आम्ही तिघे एकावर एक उभे राहिलो असतो तरच तिच्या चौथऱ्यासकट उंचीची बरोबरी झाली असती. बाहेरच्या खडकावर देवळाचे नकाशे कोरलेले आहेत. खांब, कमानी, शिखर, सगळं आधी जमिनीवर रेषांत काढलेलं. मला ते फार आवडलं. आधी काढून, मोजून, मग बांधायला घेतलं, याहून चांगली पद्धत मला माहीत नाही.

देवळामागे दगडमातीचा एक लांब उतार आहे. छतापर्यंत दगड नेण्यासाठी तो रचला होता. इंजिनियर त्यावरून वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला.

"हत्तीसारखा वरखाली काय करतोयस यार," वकील ओरडला. "भूक लागली आहे."

"चढ किती असेल?" त्याने मला विचारलं.

"सात-आठ फुटांमागे एक फूट. अंदाजाने."

"पायाला जाणवतही नाही," तो म्हणाला. "आणि दगड बघ केवढे. उंची तेवढीच चढायची आहे, लांबी वाढवली फक्त." तो गाडीकडे वळला. मग म्हणाला, "मीटर शून्य कर."

वकील काही तरी बोलणार होता. मी त्याचा दंड धरला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो ऐकून गप्प राहिला.

पार्किंगच्या मैदानात इंजिनियरने पहिल्या गिअरमध्ये गाडीची एक फेरी मारली. मग दुसरी. मी बाजूला, वकील मागे. "आता गावचा रस्ता," तो म्हणाला. "मग मोठा रस्ता. भोपाळचं भोपाळात बघू."

मोठ्या रस्त्यालाही काटा चाळीसच्या पुढे गेला नाही. मागून ट्रक हॉर्न देत होते.

"तो दूधवाला बघा," मागून वकील म्हणाला. "सकाळपासून आपल्याबरोबर होता, आता पुढे गेला. उद्या त्याच्याच किटलीत बसून येऊ."

इंजिनियर हसला, पण डोळे रस्त्यावर. मी शेव पुढे केली तर त्याने मान हलवली. दोन्ही हात स्टेअरिंगवर, तोंड मिटलेलं. भोपाळ शहर त्याने तसंच पार केलं. एका चौकात सिग्नल हिरवा झाला तरी तो दोन क्षण थांबला, चारी बाजूंनी शिव्या आल्या, आणि मग त्याने गाडी इतकी अलगद काढली की मांडीवरचा शेवेचा डबासुद्धा हलला नाही.

इंदूरच्या रस्त्याला लागल्यावर ते घडलं, ज्याची आम्हाला तिघांनाही धास्ती होती. पुढच्या ट्रकचे लाल दिवे एकदम लागले. माझा उजवा पाय रिकाम्या जागी दाबला गेला. त्याचा ब्रेकवर गेला, ना उशिरा ना घाईने, आणि गाडी ट्रकच्या मागे चांगलं अंतर ठेवून उभी राहिली. हे अंतर तो मघापासून राखून होता. मला ते आता दिसलं.

ट्रक हलला. त्याने गिअर टाकला आणि रस्त्यावरची नजर न काढता तोंड उघडलं. मी शेव भरवली.

शंभरला त्याने गाडी बाजूला घेतली. शंभर म्हणजे शंभर. मागे जाऊन बसला आणि दहा मिनिटांत घोरू लागला. तिथून मी चालवली. इंदूरजवळ, मांगलियाच्या अलीकडे पुन्हा पाळी बदलली. वकील स्टेअरिंगवर आणि तो बाजूला शेवेचा डबा घेऊन, असे आम्ही स्नेहलतागंजात शिरलो.

वहिनी फाटकापाशी उभ्या होत्या. त्यांनी आधी स्टेअरिंगकडे पाहिलं. तिथे वकील होता. मग डाव्या बाजूला नवरा दिसला. त्या हसल्या, चहाला आत या म्हणाल्या, पण आवाज खाली गेला होता. मला सांगून टाकावंसं वाटलं. मी सांगितलं नाही.

इंजिनियर उतरला. अंगणात कव्हर घातलेली त्याची गाडी होती. त्याने कव्हराचं एक टोक उचललं, खाली वाकून टायर पाहिले.

"चावी कुठे आहे?" त्याने वहिनींना विचारलं.

"कसली?"

"हिची. बॅटरी उतरली असेल. सकाळी ड्यूटीला न्यायची तर आजच बघायला पाहिजे."

वहिनी आत गेल्या नाहीत. त्यांनी कमरेची किल्ल्यांची जुडी काढली आणि त्यातून गाडीची चावी सोडवायला लागल्या.