खाली ठेवलेला पेला

अरबी मला बोलता येत होती, वाचता येत नव्हती. म्हसळ्याकडच्या आमच्या खेड्यातून मी मुंबईला आलो तो खजुराच्या एका वखारीत. बसऱ्याचे, कुवेतचे खलाशी पोती उतरवायचे, शिव्या द्यायचे, थट्टा करायचे. त्यांच्या शिव्या आधी शिकलो, मग थट्टा, मग भावताव. पुढे स्वतःची दलाली सुरू केली आणि रेवदंड्याच्या खाडीवर छोटी वखार घेतली. अरबी गलबतांना लागणारी सुपारी, काथ्या, नारळ, लाकूड मी पुरवायचो. रुमालाखाली हात घालून, एक शब्द न बोलता, नुसत्या बोटांच्या दाबावर सौदा ठरवायचा, यात त्या किनाऱ्यावर माझा हात धरणारा कोणी नव्हता. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

पण नाखव्याचं, म्हणजे गलबताच्या मालकाचं, पत्र आलं की माझी पंचाईत व्हायची. मशिदीतल्या मौलवींकडे पत्र घेऊन जायचं. ते चष्मा लावून मोठ्यानं वाचायचे आणि दुपारपर्यंत साऱ्या बाजाराला कळायचं, की मला किती माल हवा आहे आणि किती घाई आहे. मग भाव चढलेच. असं तीन-चार वेळा झाल्यावर मी ठरवलं, की ही लिपी मीच शिकणार. आणि शिकायचीच तर अर्धवट कशाला? खाजगी विद्यार्थी म्हणून मॅट्रिक झालो, तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. मग मुंबईच्या कॉलेजात नाव घातलं आणि अरबी घेतली. आईनं ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "येडा झालास का रं? अरबांशी तू रोज बोलतोस न्हाय?" बोलतो, पण ते काय लिहितात ते मला कळत नाही, हे तिला पटवायला दोन दिवस लागले.

विसाच्या दशकाची ती अखेरची वर्षं. वर्गात आम्ही नऊजण. बाकीचे आठ माझ्यापेक्षा खूप लहान आणि मला 'चाचा' म्हणणारे. आमचे प्रोफेसर देशावरचे, किडकिडीत, काळ्या शेरवानीतले. मराठी शुद्ध बोलायचे, उर्दू त्याहून शुद्ध. अरबस्तानात ते कधी गेले नव्हते, आणि हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. "मी अरबी पुस्तकांत राहतो," म्हणाले. मग मला वाचायला उभं केलं. मी अडखळलो. "बरं, बोलून दाखवा." मी बोललो, म्हणजे बंदरावर बोलतो तसा, घडाघडा. पोरं हसली. प्रोफेसर हसले नाहीत. ते म्हणाले, "ही गोदीतली अरबी आहे. जोडे बाहेर काढून ठेवता ना, तशी ही पण दाराबाहेर ठेवून येत जा."

"साहेब, हिच्यावर माझं पोट चालतं."

"चालू द्या. परीक्षा नाही चालणार."

ते मला लागलं. तरी मी शिकत राहिलो, कारण माणूस शिकवायचा उत्तम. वाळवंटातल्या टोळ्या, त्यांची भांडणं, पाहुणचार, उंटांची नावं, उठून गेलेल्या तंबूंच्या जागी बसून रडणारे कवी. मला वाटायचं, आमचे नाखवे यातलं काहीच करत नाहीत, ते सुपारीच्या भावावर रडतात. पण ऐकत बसावंसं वाटायचं.

अडचण ऋतूची होती. अरबी गलबतं वारा फिरला की दिवाळीच्या सुमाराला येतात आणि होळीच्या मागेपुढे निघून जातात. कॉलेजची दुसरी टर्म नेमकी तेव्हाच. पहिली वर्षं मी आगबोटीनं रेवस-मुंबई करून कशीबशी हजेरी भरली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी मात्र गलबतं जास्त आली, मी रेवदंड्यात अडकलो आणि वर्ग बुडत गेले. डिसेंबरात प्रोफेसरांनी मला खोलीत बोलावलं.

"इथून पुढे एक दिवस जरी चुकलात तरी टर्म मिळणार नाही. टर्म नाही म्हणजे परीक्षा नाही. वर्ष गेलं."

"साहेब, जानेवारी-फेब्रुवारीत माझा सगळा धंदा असतो. तेवढे दिवस तुम्ही मला हजर मांडून टाका. अभ्यास मी करतो, तुम्ही केव्हाही तोंडी घ्या."

"हजेरी ही काही सुपारी नाही."

माझा हात टेबलावर आपटला. दौत कलंडली आणि त्यांच्या कागदांवर शाई पसरली. माझा राग असाच आहे, आधी हात जातो, मग मी. त्यांनी रुमाल काढून शाई टिपली. मी तसाच बाहेर पडलो.

दोन दिवसांनी डोकं थंड झाल्यावर मी दलालासारखा विचार केला. प्रत्येक माणसाला काहीतरी हवं असतं. या माणसाला पैसा नको होता, भेटवस्तू नको होत्या. पण त्यानं जन्मात अरबाचं गलबत पाहिलं नव्हतं. चौलच्या एका वाडीत जुन्या कबरीवर अरबी अक्षरं आहेत, हे मी एकदा वर्गात बोललो होतो, तेव्हा त्यांचे डोळे कसे झाले होते ते मला आठवलं. मी गेलो, शाईबद्दल माफी मागितली आणि नाताळच्या सुट्टीत चौल-रेवदंड्याला या म्हणालो. ते लगेच हो म्हणाले. मी मनात म्हटलं, झालं काम. सुट्टी संपेपर्यंत टर्म माझ्या खिशात.

भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीनं रेवस, तिथून टांग्यानं अलिबागवरून चौल. वाटेत मी शहाळी पाजली, घरी पापलेटाचं कालवण आणि तांदळाची भाकरी खाऊ घातली. प्रोफेसर मिठासारखे विरघळत होते. दुसऱ्या दिवशी कबर दाखवली. ते गुडघ्यांवर बसले, शेवाळ स्वतःच्या हातानं खरवडलं आणि एकेक अक्षर लावत गेले. एका व्यापाऱ्याची कबर होती ती. त्याचं गाव, त्याचा बाप, त्याच्यासाठी दुवा. त्या दगडाशेजारून मी इतकी वर्षं काथ्याच्या गाड्या नेल्या होत्या. तेव्हाच टर्मचा विषय काढावा असं वाटलं, पण मी थांबलो. म्हटलं, गलबतावर काढू. तिथे माझा तोरा मोठा.

खाडीत माझ्या मोठ्या नाखव्याचं गलबत उभं होतं. कुवेतचा म्हातारा. सहा मोसम तो माझ्याशिवाय कोणाकडून हातभर दोरीही घेत नव्हता. दुसरा एक दलाल किनाऱ्यावर त्याच्यासाठी टपून होता, दर वर्षी त्याला खजुराएवढी गोड बोलणी ऐकवायचा, पण म्हातारा ढळला नव्हता. माझा अर्धा धंदा म्हणजे तो एक माणूस.

डेकवर सतरंजी घातली होती. म्हाताऱ्यानं प्रोफेसरांना आपल्या उजव्या हाताला बसवलं. कहवा आला, त्यांची बिनदुधाची कडू कॉफी. कान नसलेले इवलेसे पेले, तळाशी दोन घोट. त्यांचा रिवाज असा, की पाहुण्यानं कहवा प्यायचा, पेला परत द्यायचा, तो पुन्हा भरून येतो. पुरे झालं की पेला नुसता हलवायचा, म्हणजे ओतणारा थांबतो. प्रोफेसरांना हे मी टांग्यातच शिकवलं होतं, मोठ्या ऐटीत. त्यांनी मान डोलावून ऐकून घेतलं होतं.

त्यांनी पेला घेतला आणि न पिता सतरंजीवर ठेवून दिला.

मी दचकून पुढे सरकलो. कारण न प्यायलेला पेला खाली ठेवणं म्हणजे, मी काही मागायला आलो आहे आणि ते मिळेपर्यंत तुझा कहवा पिणार नाही. त्यांच्यात याहून मोठी विनंती नाही. यजमानानं नाकारलं तर त्याची अब्रू जाते. आणि पाहुण्यानं उगाच ठेवला असेल तर ती यजमानाची चेष्टा होते. ओतणारा खलाशी थांबला. मला वाटलं, पुस्तकातला माणूस, कडू लागेल म्हणून निववायला ठेवला असणार.

"साहेब, उचला," मी मराठीत पुटपुटलो. "प्या आधी, साहेब. गोंधळ होईल."

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

म्हाताऱ्यानं पेल्याकडे बघितलं, मग पाहुण्याकडे. "पी," तो म्हणाला. "जे मागायला आलास ते मिळालं."

न ऐकताच मिळालं. त्यांचं देणं असंच असतं. आता शब्द दिलेला होता.

मग प्रोफेसर बोलले. हळू, एकेक शब्द पूर्ण उच्चारून, त्या त्यांच्या पुस्तकी अरबीत, जिला मी मनातून मेलेली भाषा म्हणायचो. एक तरुण खलाशी हसला. म्हाताऱ्यानं त्याच्याकडे असं बघितलं, की तो उठून दोऱ्या आवरायला गेला. शुक्रवारच्या नमाजाआधी खुतब्याच्या प्रवचनाला बसावं तसा म्हातारा ऐकत होता. प्रोफेसर म्हणाले:

"हा माणूस माझा विद्यार्थी आहे. तुमचं गलबत इथे असेपर्यंत तो माझ्याकडे येऊ शकत नाही. या मोसमात तुमचा व्यवहार दुसऱ्या कोणाशी करा. याला मोकळा करा. एवढंच माझं मागणं."

मी उभाच राहिलो. "नाही!" म्हणून ओरडलो, आधी मराठीत, मग अरबीत. "नाखवा, हे माझ्या वतीनं बोलत नाहीत! मी असं काही मागितलेलं नाही!"

"बस खाली," म्हातारा म्हणाला. "मागितलं त्यांनी आणि दिलं मी. तू मध्ये कोण?"

"माझा धंदा आहे तो!"

"तुझा उस्ताद आहे हा," तो म्हणाला, आणि प्रोफेसरांकडे वळला. प्रोफेसरांनी पेला उचलला, दोन घोटांत संपवला, दुसरा घेतला, मग नीट मनगट फिरवून हलवला. अगदी मी शिकवलं तसं.

परतीच्या टांग्यात चौलजवळ मी विचारलं, "तुम्हाला तो रिवाज माहीत होता?"

"शिकवला होता वर्गात. पाहुणचाराच्या धड्यात." ते समोर रस्त्याकडे बघत होते. "तुम्ही त्या दिवशी नव्हतात."

टांगेवाला फिदीफिदी हसला. त्याला काय कळलं होतं कोणास ठाऊक. मी त्याच्यावरच खेकसलो.

"आणि माझी वखार? माझी माणसं? ती काय खातील, तुमच्या कवींचे उंट?"

"तुमच्याकडे आणखी गलबतं आहेत. ती तुमची माणसं सांभाळतील. तुम्ही सोमवारी वर्गात या."

आलो. दुसरं काय करणार होतो? माझा मोठा नाखवा तर गेलाच होता. आता टर्मही घालवली असती तर मी दोन्हीकडून नागवलो असतो. जानेवारी, फेब्रुवारी, एक दिवस न चुकता मी पहिल्या बाकावर बसलो आणि तोंड पाडून बसलो. त्यांनी विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं. हजेरी पूर्ण भरली. फॉर्मवर सही करताना ते म्हणाले, "ही खरी आहे, हं." मी फॉर्म उचलला आणि निघालो.

त्या मोसमात म्हाताऱ्यानं माल घेतला तो त्या दुसऱ्या दलालाकडून. आणि अरबांचं कसं असतं, एकदा ज्याच्या हातात हात दिला, त्याला ते सोडत नाहीत. जसे सहा मोसम माझ्याकडे राहिले, तसे पुढचे मोसम त्याच्याकडे. मी पुढच्या दिवाळीत गलबतावर गेलो, तेव्हा म्हाताऱ्यानं मला मिठी मारली, बाजूला बसवलं, परीक्षा कशी झाली ते विचारलं. माल मागितला नाही.

निकाल त्याआधीच, उन्हाळ्यात लागला होता. मी पास झालो, दुसऱ्या वर्गात. पोरांनी प्रोफेसरांच्या घरी पेढे नेले. मी रिकाम्या हातानं गेलो.

"पास झालात," ते म्हणाले.

"झालो. माझा नाखवा गेला."

"दुसरा येईल."

"येईलही. पण तुम्ही मला विचारायला हवं होतं."

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?"

"नाही."

"मग?"

"तरी विचारायला हवं होतं. माझ्या मालाचा भाव माझ्या तोंडून व्हायला हवा होता, साहेब. तुम्ही मला माझ्यासमोर विकलंत, आणि तेही माझ्याच भल्यासाठी."

आतून त्यांच्या बायकोनं सरबताचे पेले पाठवले. त्यांनी मला बसायला सांगितलं. मी उभ्यानंच प्यायलो आणि सलाम करून बाहेर पडलो.

पदवीचा मला उपयोग झाला, हे मी नाकारत नाही. कोर्टात दुभाष्या म्हणून मला बोलावू लागले, ते त्या पदवीमुळेच. अरबी दस्तऐवज समोर आला आणि वकील माझ्या तोंडाकडे बघू लागले, की मला बरं वाटायचं. पण गेलेला नाखवा मी कोणत्याही दिवशी परत घेतला असता.

त्यानंतर पुष्कळ वर्षं आम्ही दोघं मुंबईत होतो. महंमदअली रोडवर, कधी धक्क्यावर, ते मला दिसायचे. म्हातारे होत चालले होते. मी सलाम करायचो. ते थांबायचे, काहीतरी विचारायचं असल्यासारखे. मी थांबत नसे.